गटार दिसते, उपसणारा दिसत नाही

आमच्या महाविद्यालयात इतिहासाच्या तासाला अनुबोधपट दाखवण्याची पद्धत गेली काही वर्षे रूढ झाली आहे. खिडक्यांना जुन्या चादरी लावायच्या, भिंतीवर चित्र सोडायचे आणि अभ्यासक्रमातले एक प्रकरण पाऊण तासात उरकायचे. सोय म्हणून मीही ती स्वीकारली. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी सिंधू संस्कृतीवरचा असाच एक अनुबोधपट दाखवला. तो मूळचा इंग्रजी, एका परदेशी वाहिनीसाठी बनवलेला आणि नंतर हिंदी निवेदन चढवलेला होता. मोहेंजोदडोचे काटकोनात छेदणारे रस्ते आले, महास्नानगृह आले, विटांची १:२:४ ही ठरलेली मापे आली. मग गटारे आली. निवेदकाचा आवाज एकदम भारावला. साडेचार हजार वर्षांपूर्वी घराघरांतून निघणारी मोरी, ती रस्त्याच्या कडेच्या झाकलेल्या गटाराला मिळते, ते पुढे मोठ्या गटाराला मिळते. त्या काळी जगात असे कोठेही नव्हते, असे तो सांगत होता. वर्गातली मुले मान डोलावत होती. मीही डोलावत होतो.

दिवे लागल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘‘सर, ही गटारं साफ कोण करत होतं?’’

दोनचार पोरे हसली. मी म्हणालो, ‘‘नगराची काहीतरी व्यवस्था असणारच.’’

‘‘व्यवस्था म्हंजे कोण, सर?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तास संपल्याचा टोल झाला म्हणून मी सुटलो. त्या मुलीचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत, हे मला नंतर कळले. परंतु कळले नसते तरी माझी लाज कमी होण्याचे कारण नव्हते. मी तीस वर्षे ही गटारे शिकवीत आलो आहे. परीक्षेत त्यांवर टीपा लिहून घेतल्या आहेत. ‘सांडपाण्याची उत्तम व्यवस्था’ असे मुलांनी लिहिले की पूर्ण गुण दिले आहेत. हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आमच्या घरातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गावाची घाण उचलली, तरीही पडला नाही. शिक्षणाने आपल्याला डोळे मिळतात असे आपण म्हणतो. पण कधी कधी ते दुसऱ्याचे डोळे असतात, हे त्या दिवशी मला मान्य करावे लागले.

तेव्हापासून मी हे अनुबोधपट वेगळ्या नजरेने पाहू लागलो. घरच्या दूरदर्शन संचावर रात्री जेवण झाल्यावर, सुटीच्या दिवशी मुलाच्या संगणकावर, जेवढे मिळाले तेवढे पाहिले. त्यांतून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

प्रथम आपण त्यांच्या भाषेकडे पाहू. या निवेदनांत एक क्रियापद सतत येते: ‘सापडले’. मुद्रा सापडल्या, मणी सापडले, सांगाडा सापडला. आपल्या मराठीत तर ‘सापडणे’ या क्रियापदाची गंमत अशी, की त्याला सापडवणारा लागतच नाही. वस्तू जणू स्वतःहून वर येते. ‘गटारे बांधली गेली’, ‘नगर वसवले गेले’, ‘कचरा बाहेर नेला जाई’, असा हा कर्माचा प्रपंच आहे. कर्ता कोठेच नाही. फक्त दोन कर्ते नावाने येतात. एक म्हणजे उत्खनन करणारे साहेब. दुसरा म्हणजे राजा, आणि राजा नसला तर पुरोहित.

मोहेंजोदडोला राजवाडा निश्चितपणे ओळखता आलेला नाही, भव्य देऊळ सापडलेले नाही, लिपी वाचता आलेली नाही. तरीही साडेसतरा सेंटिमीटर उंचीच्या एका दाढीवाल्या दगडी मूर्तीला ‘पुरोहित-राजा’ हे नाव पडले ते पडलेच. आणि साडेदहा सेंटिमीटरची, कमरेवर हात ठेवून उभी असलेली, अंगाने शिडशिडीत, दंडभर बांगड्या घातलेली एक ब्राँझची पोरगी ‘नर्तकी’ ठरली. ती नाचते आहे याला पुरावा काय? काही नाही. ती उभी आहे, एवढेच. कामावरून येऊन दारात उभी राहिलेली बाई अशीच उभी राहते. पण मार्शलसाहेबांच्या काळात दोघांचे बारसे झाले आणि आज शंभर वर्षांनंतरही प्रत्येक अनुबोधपट तीच नावे उच्चारतो. उत्तरीय पांघरलेला पुरुष दिसला की तो पुरोहित, उघड्या अंगाची सावळी मुलगी दिसली की ती नाचणारी! हे नामकरण मातीतून आलेले नाही, बघणाऱ्याच्या डोक्यातून आलेले आहे.

आता त्या गटारांकडे. मुलीच्या प्रश्नानंतर मी ग्रंथालयात बसून जुनी पुस्तके काढली. आश्चर्य असे की उत्तराचा एक तुकडा तेथे होता आणि तोही फार जुना. अर्नेस्ट मॅके यांनी १९२७ ते १९३१ या काळात मोहेंजोदडोचे उत्खनन चालवले. त्यांनी नोंदवून ठेवले आहे, की लांब गटारांत ठरावीक अंतरावर गाळ साचण्यासाठी खड्डे ठेवलेले होते आणि गटारांच्या कडेला बारीक बारीक ढिगारे वारंवार आढळले, बहुतांशी रेतीचे. त्यावरून ते अनुमान काढतात, की गटार उपसल्यानंतर गाळ प्रत्येक वेळी उचलून नेला जात नसे.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे पुरावा आहे! साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाकून, विटांचे झाकण बाजूला सारून, खड्ड्यातला गाळ वर काढला. कडेला टाकला. मग दिवस मावळला असेल, किंवा त्याला दुसरीकडे पिटाळले असेल, किंवा त्याची पाटी फुटली असेल. ढीग तेथेच राहिला आणि पुढे त्यावर माती चढली. मोहेंजोदडोच्या साऱ्या वैभवात एका राबणाऱ्या हाताची इतकी स्पष्ट खूण मला दुसरी दिसत नाही. महास्नानगृहात कोण उतरत होते हे आपण अनुमानानेच सांगतो. पण गटारापाशी कोणीतरी वाकले होते, ही घडलेली गोष्ट आहे.

मी पाहिलेल्या एकाही अनुबोधपटाने तो ढीग दाखवला नाही. सगळे गटार दाखवतात. कॅमेरा त्याच्या कडेने सरकतो, आत डोकावतो, संगणकावर उभारलेल्या चित्रात त्यातून निळेशार पाणी खळाळताना दिसते. गटारातून निळे पाणी! ज्याने आयुष्यात एकदा तरी गटार उपसले आहे, किंवा उपसणाऱ्याच्या घरात जो वाढला आहे, तो असले चित्र काढणार नाही. त्या संगणकी नगरातले रस्ते पुसल्यासारखे स्वच्छ असतात आणि बहुधा रिकामे असतात. माणसे दाखवलीच तर बाजारात मणी विकणारी आणि मुद्रा उमटवणारी.

यावर काही मित्र म्हणतील की, तुम्ही आजची जातिव्यवस्था मागे नेऊन मोहेंजोदडोवर लादता. माझे म्हणणे तसे नाही. त्या काळी जाती होत्या, असे मी म्हणत नाही. तेथे गटार साफ करणारा अस्पृश्य होता असे म्हणायला काडीचा आधार नाही. कदाचित ते काम पाळीपाळीने होत असेल. कदाचित त्याला मान असेल. कदाचित तो गुलाम असेल. हे सगळे प्रश्न खुले आहेत, आणि म्हणूनच ते विचारले गेले पाहिजेत. उत्तर माहीत नाही म्हणून प्रश्नच गाळून टाकायचा आणि गटाराचा अभिमान तेवढा ठेवायचा, याला मी आक्षेप घेतो. शिवाय राजा कोण होता हेही माहीत नसताना राजाविषयी दहा मिनिटे बोलता येते, मग सफाई करणाऱ्याविषयी दोन मिनिटे का बोलता येत नाही?

आणि हा अभिमान ज्या देशात मिरवला जातो त्या देशात गटाराचा इतिहास अजून संपलेला नाही. हाताने मैला उचलण्याची पद्धत बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला. तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत गुदमरून मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असे सांगितले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला ही रक्कम तीस लाख करावी लागली. दर वाढवावा लागला, कारण मरणे थांबले नाही. त्या मरणांवरही अनुबोधपट झाले आहेत. गुजरातेतील सफाई कामगारांवर स्टॅलिन के. यांनी १९९८ मध्ये ‘लेसर ह्युमन्स’ केला. तमिळनाडूतील कामगारांवर दिव्या भारती यांनी २०१७ मध्ये ‘कक्कूस’ केला. हे अनुबोधपट पाहताना माणूस जागचा हलतो. परंतु त्यांची गणना ‘सामाजिक प्रश्न’ या सदरात होते आणि मोहेंजोदडोच्या गटाराची ‘वारसा’ या सदरात. एकच गटार, एकच वाकलेली पाठ. पण चार हजार वर्षांपूर्वीचे असले की संस्कृती आणि आजचे असले की समस्या. ही विभागणी कोणी केली?

ती कशी झाली हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. पुरातत्त्वाला दूरचित्रवाणीवर आणणाऱ्या पहिल्या मोठ्या माणसांत मॉर्टिमर व्हीलर होते. १९४४ ते १९४८ ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. १९४६ मध्ये त्यांनी हडप्पा खणले. मायदेशी परतल्यावर बीबीसीवर १९५२ मध्ये एक खेळ सुरू झाला. संग्रहालयातली एखादी वस्तू तज्ज्ञांपुढे ठेवायची आणि ती काय आहे, कुठली आहे हे त्यांनी ओळखायचे. व्हीलर त्यात असत. ते इतके लोकप्रिय झाले, की १९५४ मध्ये ते तेथील दूरचित्रवाणीवरचे वर्षातले गाजलेले व्यक्तिमत्त्व ठरले. मिशा, पाइप, लष्करी ऐट. पुरातत्त्वाचा नायक कसा दिसतो हे तेव्हा ठरून गेले आणि वस्तू म्हणजे इतिहास हेही तेव्हाच ठरले. ‘हे काय आहे?’ हा त्या खेळातला प्रश्न. ‘हे कोणाच्या हातचे आहे?’ हा प्रश्न त्या खेळात बसणारा नव्हता. आजचे अनुबोधपट त्याच घराण्यातले आहेत. नायक बदलला, टोपी बदलली, पण खड्ड्यात उतरणारा साहेब आणि त्याच्या हातात अलगद येणारी वस्तू हा देखावा बदललेला नाही.

त्या खड्ड्यात साहेबाच्या आधी कोण उतरते, हे मला ठाऊक आहे. माझे थोरले मामा उतरले होते.

आमच्या तालुक्यात नदीच्या वळणावर एक पांढरीचे टेकाड आहे. सत्तरच्या दशकात बाहेरून काही मंडळी आली आणि तेथे दोन हिवाळे खोदकाम चालले. मामा रोजावर होते. ते सांगत, ‘‘टिकावाचा आवाज बदलला की हात थांबवायचा. भुसभुशीत मातीचा आवाज निराळा, चोपलेल्या जमिनीचा निराळा. साहेब वरून इचारायचा, काय रे, लागली का जमीन? म्या सांगायचो, अजून चार बोटं हाये.’’ आणि ती चार बोटांवरच लागत असे. चुलीची राख, कुजलेल्या खांबाचा खड्डा, उंदराचे बीळ यांतला फरक ते बोट घालून सांगत. हे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्याच्या विहिरी खणून ते हातात आले होते.

पुढे मी शिक्षक झाल्यावर त्या उत्खननाचा छापील अहवाल शोधून काढला. एका छायाचित्रात मामा आहेत. खड्ड्याच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभे, डोक्याला मुंडासे. चित्राखाली मातीच्या थरांचे वर्णन आहे, थरांना क्रमांक आहेत. मामांविषयी काही नाही. ते तेथे का उभे आहेत, हे मला आधी समजलेच नाही. मग लक्षात आले. खड्डा किती खोल आहे हे वाचकाला कळावे म्हणून त्यांना उभे केले होते. पुरातत्त्वाच्या जुन्या अहवालांत अशी छायाचित्रे कितीतरी आहेत, पट्टीऐवजी माणूस. मामांना मी ते चित्र दाखवले तेव्हा ते खूष झाले. म्हणाले, ‘‘बघ, पुस्तकात फोटू आलाय माझा.’’ मी त्यांना काही समजावून सांगितले नाही.

पडद्यावर तर ही पट्टीही उरलेली नाही. कॅमेरा येण्याआधी मजुरांना बाजूला व्हायला सांगतात. राहिलेच तर एक पाय, एक घमेले, ब्रश धरलेला एक हात.

माझ्या पिढीने इतिहास पडद्यावर पहिल्यांदा सलग पाहिला तो १९८८ मध्ये, ‘भारत एक खोज’ मधून. मी तेव्हा वसतिगृहात होतो. चाळीस मुलांत एक संच. श्याम बेनेगलांनी त्रेपन्न भागांत केलेले ते काम मी आजही मोठे मानतो. ती मालिका अनुबोधपट नव्हे, नाट्य आहे. परंतु तिने अनेक अनुबोधपटांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे प्रश्न विचारले. चौथाच भाग जातींच्या घडणीवर आहे. पुढे महात्मा फुले येतात, सदाशिव अमरापूरकरांनी ते उभे केले, आणि आमच्या वसतिगृहात त्या दिवशी टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एवढे देणे मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही मालिका नेहरूंच्या ज्या ग्रंथावर आधारली तो प्रकाशित झाला १९४६ मध्ये. त्याच वर्षी बाबासाहेबांचा ‘शूद्र कोण होते?’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. तो त्यांनी फुल्यांना अर्पण केला आहे. त्याच वर्षी व्हीलर हडप्पा खणत होते. एकाच वर्षी या देशाच्या भूतकाळाचा शोध घेणाऱ्या या तीन वाटा. एका वाटेवर सरकारी दूरदर्शनने त्रेपन्न भाग खर्चले. दुसरी पुढे जगभरच्या वाहिन्यांची झाली. तिसरीवर कॅमेरा गेला नाही.

बीबीसीने २००७ मध्ये मायकेल वुड यांची ‘द स्टोरी ऑफ इंडिया’ ही सहा भागांची मालिका दाखवली. वुड हा माणूस मनापासून बोलणारा, लोकांत मिसळणारा आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण पहिल्याच भागात ते केरळात नंबुद्री ब्राह्मणांकडे जातात. त्यांच्या मंत्रांची रचना पाखरांच्या बोलीसारखी आहे, ती मानवी भाषेच्याही आधीची असावी, असा विस्मय व्यक्त होतो. त्याआधी १९७६ मध्ये रॉबर्ट गार्डनर आणि फ्रिट्स स्टाल यांनी याच समाजाच्या अग्निचयनावर ‘ऑल्टर ऑफ फायर’ हा अनुबोधपट केला होता. म्हणजे भारताची सर्वांत जुनी स्मृती हवी असली की परदेशी कॅमेरा ब्राह्मणाच्या अंगणात जातो. बापाने पोराला तोंडाने शिकवलेला मंत्र ही स्मृती. मग बापाने पोराला हाताने शिकवलेले काम ही काय? कातडे कमावण्याची, मडके भाजण्याची, तांबे ओतण्याची, गटाराचा उतार ओळखण्याची विद्याही पिढ्यान् पिढ्या, पाटी-पुस्तकाशिवायच चालत आली. तिच्या वाट्याला विस्मय येत नाही. मंत्र जपणाऱ्याला परंपरा असते, चामडे कमावणाऱ्याला फक्त धंदा असतो. हा मनूचा निवाडा परदेशी माणसाच्या तोंडून ऐकताना अधिकच टोचतो.

अलीकडचे उदाहरण सिनौलीचे. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातले हे गाव. २००५-०६ च्या उत्खननात तेथे ११६ दफने मिळाली होती. २०१८ मध्ये संजय मंजुल यांच्या देखरेखीखाली पुन्हा खोदकाम झाले आणि तांब्याने मढवलेल्या शवपेट्या, तलवारी आणि भरीव चाकांच्या गाड्या उजेडात आल्या. काळ इसवी सनापूर्वी दोन हजारच्या आसपासचा. २०२१ मध्ये ‘सिक्रेट्स ऑफ सिनौली’ हा अनुबोधपट आला, मनोज वाजपेयी यांच्या आवाजात. वाजपेयी उत्तम नट आहेत, त्यांचा आवाज ऐकत राहावासा वाटतो. पण गाडी दिसली की ‘रथ’, तलवार दिसली की ‘योद्धा’, शवपेटी दिसली की ‘राजघराणे’, असा शब्दांचा सपाटा चालतो. चाकांना आरे नाहीत, ती भरीव आहेत; दफनांत घोड्याचे अवशेष मिळालेले नाहीत; ही बैलांची गाडी असावी, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. रथ की गाडी, हा वाद नुसता शब्दांचा नाही. रथ म्हटले की महाभारत जवळ येते, गाडी म्हटली की शेतकरी जवळ येतो. कॅमेऱ्याला कोण जवळ हवा आहे, हे सांगायला नको. त्या भरीव चाकावर तांब्याचे त्रिकोण ठोकणारा कोणी सुतार होता, कोणी तांबट होता. त्याची कबर कोठे आहे, ती या शवपेट्यांच्या शेजारी आहे की दूर, हा माझ्या मते सिनौलीचा खरा प्रश्न आहे.

असे प्रश्न पुरातत्त्वाला विचारता येत नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या महाराष्ट्रातच ते विचारले गेले. घोड नदीवरच्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ पर्यंत केले. मधुकर ढवळीकरांनी तेथील घरांची मांडणी पाहून दाखवून दिले, की पाच खोल्यांचे मोठे घर आणि सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी आहेत आणि कारागिरांची घरे कडेला. तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव, आणि कडेला कोण हे त्याच्या जमिनीवरून वाचता येते! यातून लगेच महारवाड्याची उत्पत्ती काढण्याची घाई मी करणार नाही. पण या एका नकाशावर केवढा अनुबोधपट होऊ शकेल. ढोलवीराचेही तसेच. १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी ते खणले. २०२१ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. बालेकिल्ला, मधले नगर, खालचे नगर आणि दगडात कोरलेले अवाढव्य जलाशय. अनुबोधपट जलव्यवस्थापनाचे गोडवे गातात. ज्यांच्या आजोबांनी १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, त्यांना तलाव पाहिल्यावर पहिला प्रश्न वेगळाच सुचतो: खालच्या नगरातला माणूस यातून पाणी भरत होता काय?

आता आपल्या घरातले बोलतो. ते बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आपल्या मेळाव्यांत, आपल्या पुस्तिकांत एक गोष्ट ठोकून सांगितली जाते: सिंधू संस्कृती आमची, ती समतेची होती, आर्यांनी घोड्यांवरून येऊन ती कापून काढली. टाळ्या पडतात. मीही एकेकाळी हे बोललो आहे. या कथेतली कत्तल मुख्यतः व्हीलरसाहेबांची आहे. १९४७ मध्ये त्यांनी मोहेंजोदडोच्या काही सांगाड्यांवरून इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ते सुमारे ३७ सांगाडे एकेक तपासून दाखवले, की ते एका वेळचे नाहीत, एका थरातले नाहीत आणि कत्तलीचा पुरावा त्यांत नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त परकी आर्यांची मांडणी केली ती गुलामाला उभे करण्यासाठी, तिचे मोल त्या लढ्यात आहे. बाबासाहेबांनी तर वंशाचा सिद्धान्तच नाकारला. आपण मात्र बाबासाहेबांना बाजूला ठेवून व्हीलरला धरून बसलो, आणि तेही साहेबाचे नाव न घेता.

दुसऱ्या बाजूचा खोटेपणा त्याहून मोठा आहे, हे खरे. २०१९ च्या सप्टेंबरात राखीगढीच्या एका स्त्रीच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६१ नमुन्यांतून एकच हाती लागला होता. तिच्यात गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही, एवढे त्यातून कळले. वृत्तवाहिन्यांवर लगेच जाहीर झाले, की आर्य बाहेरून आलेच नाहीत. त्याच दिवशी, बऱ्याच अंशी त्याच संशोधकांचा दुसरा निबंध ५२३ प्राचीन माणसांवर प्रसिद्ध झाला होता. हा अंश इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात भारतात आला, असे त्यात स्पष्ट आहे. त्याकडे कोणी कॅमेरा वळवला नाही. पण म्हणून आपणही अर्धा कागद वाचायचा काय? ज्याच्यापाशी गमावण्यासारखी प्रतिष्ठा आहे त्याला खोटे परवडते. आपल्याला परवडत नाही. आपला एक दावा खोटा ठरला की आपले शंभर खरे दावे त्याच टोपलीत टाकले जातात.

इतिहासाचा नायक कोण, हे उलटे करून दाखवणारे काम आपल्याकडे होऊ लागले आहे. सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ मध्ये भीमा कोरेगाववर अनुबोधपट केला. त्यात १ जानेवारी १८१८ ची लढाई आहेच, पण खरा विषय तेथे दरवर्षी येणारी माणसे आहेत. स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे बोट फिरवून वाचणारी माणसे. कंपनी सरकारने तो स्तंभ आपल्या विजयासाठी उभारला, आपल्या उद्धारासाठी नव्हे. तरीही दगडावर नाव राहिले म्हणून १९२७ मध्ये बाबासाहेब तेथे उभे राहू शकले आणि आपणही. या अनुबोधपटात मला उणिवा दिसतात, भाषणे थोडी जास्त झाली आहेत. परंतु कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहतो आहे, हे पहिल्या दृश्यापासून कळते. हीच नजर पांढरीच्या टेकाडावर, मोहेंजोदडोच्या गल्लीत जायला हवी. तेथे नावे नाहीत, हे खरे. पण रेतीचा ढीग आहे.

त्या मुलीने पुढे याच विषयावर प्रकल्प केला. मॅकेच्या नोंदीचे मराठीत भाषांतर तिने स्वतः केले. काही वाक्ये चुकली होती, ती आम्ही बसून दुरुस्त केली. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘सर, आप्पांना तो पिक्चर बघायचाय.’’ रविवारी दुपारी ते आले. चपला दाराबाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना काढल्या. खुर्चीच्या कडेवर बसले. पुरोहित-राजाला त्यांनी मान दिला नाही, नर्तकीकडे पाहून काही बोलले नाहीत. गटार आले तसे पुढे सरकले. ‘‘जरा थांबवा, गुर्जी,’’ म्हणाले. चित्र थांबवले. ते उठून भिंतीजवळ गेले आणि पडलेल्या प्रकाशात बोट फिरवून मुलीला दाखवू लागले.

‘‘उतार चांगला दिलाय. पर ह्या वळणावर गाळ बसणार म्हंजे बसणारच. हितं आठवड्याला हात घालावा लागत आसंल. आन् ही झाकणं बघ, विटांची. एकट्याचं काम न्हाई हे. एकानं उचलून धरायचं, दुसऱ्यानं उतरायचं.’’

मग माझ्याकडे वळून विचारले, ‘‘गुर्जी, गाळ कुठं नेऊन टाकीत होते, ते फुडं दावलंय का?’’

मी म्हणालो, नाही दाखवलेले.

‘‘मग लावा फुडं,’’ म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.